पत्राचा तळ

पाचगणीच्या टेबल लँडवरून खाली पाहिले की कृष्णेचे खोरे उलगडते. धोम धरणाचा जलाशय, त्याच्या खालच्या अंगाला मेणवली आणि थोडे पुढे वाई. पाचगणी हे गिरिस्थान म्हणून इंग्रजांनी १८६०च्या दशकात वसवले. त्याआधी या डोंगरमाथ्याच्या आसपास दांडेघर, गोडवली, आंब्रळ, खिंगर आणि तायघाट ही गावे होती. खालच्या खोऱ्यातला कागदोपत्री इतिहास मात्र गिरिस्थानापेक्षा फार जुना आहे. मेणवलीला नाना फडणविसांचा वाडा आहे. तिथले दप्तर इतिहाससंशोधक द. ब. पारसनीस यांनी मिळवले. वाईत सापडलेल्या कागदांच्या आधारे वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड काढला आणि पानिपताच्या मोहिमेची पत्रे लोकांपुढे आली.

असे जुने पत्र हाती आले की आपण मजकुराकडे धावतो. कोणी कोणाला काय लिहिले, हेच आपल्याला आधी हवे असते. अनुभवी मोडीवाचक मात्र कागद उलगडतो आणि आधी वरची मुद्रा व खालचा शेवट पाहतो. पत्र खरे की खोटे, मूळ की नक्कल, पुरे की तुटलेले, कोणाच्या अधिकाराने निघाले आणि कधी निघाले, या प्रश्नांची निम्मीअधिक उत्तरे तळाच्या दोन-तीन ओळींत असतात. मजकूर काय घडले ते सांगतो. त्या मजकुरावर विश्वास ठेवायचा की नाही, ते तळ सांगतो. या प्रकरणात आपण हा तळ वाचायला शिकणार आहोत.

मर्यादा: इथे पत्र संपले

मोडी लेखनात शब्दांमध्ये जागा सोडत नसत आणि विरामचिन्हे नसत. आधी आडवी रेघ ओढायची आणि तिच्याखाली बोरूने, शक्यतो हात न उचलता, अक्षरे लिहीत जायचे. अशा लेखनात एक धोका असतो. मजकूर जिथे थांबतो तिथे पूर्णविराम नाही, खाली कोरा कागद आहे, आणि लेखनाची पद्धत सगळ्या कारकुनांची थोडीफार सारखी आहे. कोणीही मागाहून चार शब्द वाढवू शकतो. 'गाव इनाम दिले' या शब्दांपुढे 'वंशपरंपरेने' हा एक शब्द घातला, तर पिढ्यान् पिढ्यांचा व्यवहार बदलतो.

यावर उपाय म्हणून राजपत्राला दोन मुद्रा असत. वरच्या बाजूला राजाची मुख्य मुद्रा आणि मजकूर संपतो तिथे लहानशी समाप्तीची मुद्रा. शिवाजी महाराजांच्या पत्रांवरील या समाप्तीच्या मुद्रेत 'मर्यादेयं विराजते' एवढीच अक्षरे आहेत. ही मर्यादा येथे शोभते, असा तिचा अर्थ. तिचे काम सरळ आहे: या मुद्रेच्या वर जे लिहिले ते राजाचे, खाली जे कोणी लिहील त्याच्याशी राजाचा संबंध नाही. पेशव्यांच्या पत्रांवर हेच काम 'लेखनसीमा' ही मुद्रा करते.

महाराजांच्या मुख्य मुद्रेचे कौतुक आपण नेहमी ऐकतो आणि ते रास्तच आहे. भोवतालचे राज्यकर्ते फारसी मुद्रा वापरत असताना त्यांनी संस्कृत मुद्रा घेतली. ती अष्टकोनी मुद्रा आज शाळकरी मुलालाही ओळखू येते. खालच्या लहान मुद्रेकडे मात्र कोणाचे लक्ष जात नाही. माझ्या मते राज्यकारभाराची समज या खालच्या मुद्रेत अधिक दिसते. आपल्या सत्तेची घोषणा प्रत्येक राजा करतो. आपण नेमके कुठवर बोललो आणि कुठे थांबलो, हे कागदावर बांधून ठेवणे ही शिस्तीच्या कारभाराची खूण आहे.

या शिस्तीमागे माणसे नेमलेली होती. अष्टप्रधानांतील सचिवाकडे राजपत्रे तपासण्याचे काम होते. मजकुरात एखादे अक्षर अधिक किंवा उणे झाले असेल तर ते शुद्ध करणे ही त्याची जबाबदारी. म्हणून जुन्या कागदांच्या तळाशी किंवा पाठीवर 'मोर्तब सूद', 'सुरू सूद', 'बार सूद' असे छोटे शेरे आढळतात. मुद्रा उमटली, कागद ठरलेल्या खात्यांतून गेला, वहीत नोंद झाली, असा प्रवास हे शेरे सांगतात. हाच कागद पुढे हरवला किंवा त्यावर वाद उठला, तर दप्तरातील नोंदीशी तो ताडून पाहता येई.

सांध्यावरची मुद्रा

मोठ्या मजकुराला एक ताव पुरत नसे. मग कागदाचे तुकडे एकाखाली एक खळीने चिकटवून लांब पट्टी करत आणि ती गुंडाळून ठेवत. इथेही लबाडीला वाव होता, कारण मधला तुकडा काढून दुसरा बसवता येतो. त्यासाठी कागदाच्या पाठीमागे, दोन तुकडे जिथे जुळतात त्या सांध्यावर, मुद्रा उमटवत. निम्मी मुद्रा वरच्या तुकड्यावर, निम्मी खालच्या. तुकडा बदलला की मुद्रेचे दोन भाग जुळत नाहीत. आजही दस्तऐवजाच्या प्रत्येक पानावर सही घेतात आणि पाने जोडलेल्या जागी शिक्का मारतात, त्यामागे हाच विचार आहे.

म्हणूनच जुन्या पत्राची फक्त पुढची बाजू पाहून चालत नाही. पाठ कोरी दिसली तरी सांधे तपासावेत. कागद उजेडात तिरका धरला की फिकट झालेली शाई पुष्कळदा दिसते.

शेवटचे शब्द कोणाच्या हातचे?

राजपत्रावर मुद्रा असे. सरदार, मुत्सद्दी आणि कुटुंबीय यांच्या पत्रांचे काय? त्या काळी आजच्यासारखी पत्राखाली नावाची सही करण्याची रूढी नव्हती. पाठवणाऱ्याचे नाव सुरुवातीच्या मायन्यातच येई. बहुतेक मजकूर कारकून लिही. मग हे पत्र खरोखर त्या माणसाने पाहिले होते याची खूण कोणती?

खूण शेवटच्या शब्दांत होती. 'बहुत काय लिहिणे', 'लोभ असो द्यावा', 'हे विनंती' हे अखेरचे शब्द पाठवणारा अनेकदा स्वतःच्या हाताने लिही. संशोधक तळाशी अक्षराचे वळण बदलले का हे बारकाईने पाहतात ते यासाठी. वरचा मजकूर सुबक, एकसारखा कारकुनी आणि खालचे दोन-चार शब्द वेगळ्या, कधी घाईच्या, कधी जड हाताचे. पेशव्यांचे किंवा सरदारांचे हस्ताक्षर म्हणून जे नमुने आपल्याला माहीत आहेत, त्यांतले कित्येक असे पत्राच्या शेपटाशी मिळालेले आहेत.

हे शेवटचे शब्द दोघांचे नातेही सांगतात. हाताखालच्या अधिकाऱ्याला आज्ञा असेल तर पत्र 'जाणिजे' ने संपते. बरोबरीच्या माणसाला 'लोभ असो द्यावा हे विनंती'. धन्याला किंवा छत्रपतींना 'हे विज्ञापना'. वडीलधाऱ्याने धाकट्याला लिहिले असेल तर 'हे आशीर्वाद'. कोणी कोणाला काय लिहावे याचे नियम ठरलेले होते आणि ते शिकवणारे ग्रंथही होते. यादवकाळातील हेमाद्री पंडिताच्या नावावर असलेले 'मेस्तक' हे त्यांतले प्रसिद्ध नाव. म्हणून एखाद्याने कालपर्यंत 'विज्ञापना' लिहिली आणि आज 'विनंती' लिहिली, तर त्यात राजकारण असू शकते. मजकुरात न बोललेला दर्जाचा दावा शेवटच्या दोन शब्दांत केलेला असतो.

तारीख कशी वाचावी

तळाशी किंवा मायन्यापाशी तारीख असते आणि नवख्या वाचकाची खरी अडचण इथे होते. शिवकाळात आणि पेशवाईत अनेक कालगणना शेजारी शेजारी नांदत होत्या. पंचांगातील शक, संवत्सर आणि तिथी. हिजरी महिन्यांची चंद्रतारीख. आणि शुहूर सन. ६ जून १६७४ रोजी, म्हणजे शके १५९६ च्या ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीला, रायगडावर राज्याभिषेक झाला. त्यानंतर राजपत्रांत राज्याभिषेक शकही येऊ लागला.

पत्रात 'छ' हे अक्षर आणि पुढे आकडा दिसला, उदाहरणार्थ 'छ १२ रजब', तर ती चंद्रतारीख समजावी. महिने हिजरी असतात: मोहरम, सफर, रबिलावल, रबिलाखर, जमादिलावल, जमादिलाखर, रजब, साबान, रमजान, सवाल, जिल्काद, जिल्हेज. वर्ष मात्र शुहूर सनाचे असते. हे वर्ष सूर्य मृग नक्षत्रात गेला की सुरू होते, म्हणून त्याला मृगसाल असेही म्हणतात. पावसाच्या तोंडावर सुरू होणारे वर्ष शेतसाऱ्याच्या हिशेबाला सोयीचे होते.

शुहूर वर्ष आकड्यांत न लिहिता अरबी संख्याशब्दांत लिहीत, आणि तेही एककापासून उलट. 'इहिदे सितैन मया व अलफ' असे वाचले की बिचकू नये. इहिदे म्हणजे १, सितैन ६०, मया १०० आणि अलफ १०००. बेरीज ११६१. शुहूर वर्षात मृगापासून डिसेंबरअखेरपर्यंत ५९९ आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. ११६१ अधिक ६०० म्हणजे १७६१. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ रोजी झाली, ती या शुहूर वर्षातली. नेमका दिवस काढायचा तर जंत्री घ्यावी लागते. वर्ष मात्र एवढ्या हिशेबावर कोणालाही काढता येते.

पत्रावर कधी कधी दुसरी तारीखही असते, वेगळ्या हाताने लिहिलेली. तिच्याआधी 'पै॥' असते. ती पैवस्ती, म्हणजे पत्र पोचल्याची नोंद. रवानगी आणि पैवस्ती या दोन तारखांमधले अंतर मोजले की जासूद किती दिवसांत पोचला ते कळते. एखाद्या निर्णयाला उशीर झाला असे आपण आज म्हणतो, तेव्हा ती बातमी निर्णय घेणाऱ्याच्या हाती पडली कधी, हे या छोट्या नोंदीवरून ठरवावे लागते. सेनापतींवर आणि मुत्सद्द्यांवर ठेवलेले दोष न्याय्य आहेत का, याचा निवाडाही काही वेळा तिच्यावर अवलंबून असतो.

निशाणी: ज्यांना अक्षर नव्हते त्यांची सही

आतापर्यंत आपण राजा, पेशवे आणि मुत्सद्दी पाहिले. गावपातळीवरचा कागद वेगळा होता. पाटीलकीचा वाद, शिवेचे भांडण, वतनाची वाटणी यांचा निवाडा गोतसभेत होई आणि त्याचा महजर लिहीत. महजरात हजर असलेल्यांची नावे आणि साक्षी असत. ज्याला लिहिता येत नसे त्याच्या नावापुढे त्याच्या कामधंद्याचे चिन्ह काढत. शेती करणाऱ्या पाटलाचा नांगर, शेट्याची तागडी, सुताराचे हत्यार. स्त्रीच्या नावापुढे बांगडी.

हा तळ पाहताना मन भरून येते. वर राजाची संस्कृत मुद्रा असलेले पत्र आणि खाली नांगर काढलेला महजर, दोन्ही कागद पुराव्याच्या दृष्टीने सारख्याच गांभीर्याने घेतले जात. निरक्षर माणूस व्यवहाराबाहेर नव्हता. त्याच्या शब्दाला कागदावर जागा होती आणि त्याचा नांगर त्याच्या वतीने साक्ष देत होता. गावातले स्त्रियांचे हक्क, त्यांची विक्रीपत्रे आणि दाने यांचा माग काढणाऱ्या अभ्यासकाला ही बांगडीची निशाणी हाच मोठा आधार आहे.

पुढे निशाणीची जागा अंगठ्याने घेतली. १८५८ मध्ये बंगालमधील जंगीपूर येथे विल्यम हर्शेल या इंग्रज अधिकाऱ्याने राज्यधर कोनाई या ठेकेदाराकडून करारावर हाताचा ठसा घेतला. बोटांच्या ठशांच्या आधुनिक इतिहासात ही घटना नेहमी सांगितली जाते. आपल्या खरेदीखतांवर 'निशाणी डावा अंगठा' ही नोंद आली ती या बदलानंतर. चिन्ह धंदा सांगत होते; ठसा माणूस सांगू लागला.

साताऱ्याची मुद्रा आणि साताऱ्याचा खटला

सातारा जिल्ह्याच्या दृष्टीने मुद्रेचा इतिहास विशेष महत्त्वाचा आहे. १७१३ मध्ये शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथ यांना पेशवेपद दिले. पेशव्यांच्या मुद्रेत आधी छत्रपतींचे नाव आणि मग 'मुख्य प्रधान' म्हणून स्वतःचे नाव असे. १७४९ मध्ये शाहू महाराज गेले, सत्तेचे केंद्र पुण्याला गेले, तरी नव्या पेशव्याला पदाची वस्त्रे साताऱ्याहूनच यावी लागत. प्रत्यक्ष हुकूम पुण्याचा, अधिकाराचा उगम साताऱ्याचा, हे नाते प्रत्येक पत्रावरची मुद्रा पुन्हा पुन्हा सांगत राहिली.

मुद्रा एवढी मोलाची असते तेव्हा तिचा गैरवापरही घातक ठरतो. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. १८१९ च्या तहाने त्यांना बाहेरच्या सत्तांशी परस्पर पत्रव्यवहार करण्यास मनाई होती. पुढे त्यांच्यावर गोव्याच्या पोर्तुगिजांशी संधान बांधल्याचा आरोप आला आणि पुराव्यात कागद व मुद्रा पुढे करण्यात आल्या. हे कागद बनावट आहेत, असे महाराजांच्या पक्षाचे म्हणणे होते. तरीही १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून काशीला पाठवले आणि १८४७ मध्ये तिथेच त्यांचा मृत्यू झाला. त्यांची बाजू मांडण्यासाठी रंगो बापूजी गुप्ते लंडनला गेले आणि अनेक वर्षे तिथे झगडले. १८४८ मध्ये सातारचे राज्यच खालसा झाले. कागद कोणी लिहिला, मुद्रा कोणाच्या ताब्यात होती आणि ती कोणाच्या संमतीने उमटली, या प्रश्नांची नि:पक्ष तपासणी किती आवश्यक आहे, हे सांगायला याहून मोठे उदाहरण नको.

त्यानंतर थोड्याच वर्षांत, १८५२ च्या कायद्याने, इनाम कमिशनला व्यापक अधिकार मिळाले. इनामदारांना आपल्या सनदा दाखवून हक्क सिद्ध करावे लागले. ज्यांचे कागद पुरे नव्हते किंवा मान्य झाले नाहीत, त्यांची इनामे गेली. पणजोबांच्या पेटीतला कागद आणि त्याचा तळ यांवर घराचे पोट अवलंबून होते.

ग्रंथाच्या शेवटचीही मर्यादा

कागदपत्रांपुरतीच ही रीत नव्हती. हस्तलिखित ग्रंथाच्या अखेरीस ग्रंथ कधी पुरा झाला, कोणी लिहून घेतला, हे नोंदवत. या भागाला पुष्पिका म्हणतात. ज्ञानेश्वरीच्या शेवटी शके १२१२ हा काळ आणि सच्चिदानंदबाबा या लेखकाचे नाव आहे. जवळजवळ तीनशे वर्षांनी, शके १५०६ मध्ये, एकनाथ महाराजांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. तिच्या अखेरीस त्यांनी आपण काय केले ते सांगितले आणि या पाठात कोणी आपली ओवी घालू नये असे बजावले. राजपत्रावरची मर्यादेची मुद्रा जे काम करते, तेच काम इथे संतकवीने शब्दांनी केले. दुसऱ्याच्या नावावर आपला मजकूर खपवू नये, ही नीती दोन्हीकडे एकच आहे.

आजचा तळ

मुद्रा गेली, बोरू गेला, मोडीही विसाव्या शतकात शाळा-कचेऱ्यांतून गेली. तळाचे काम मात्र चालूच आहे. महाराष्ट्र शासनाचा कोणताही शासन निर्णय घ्या. त्याच्या अखेरीस 'महाराष्ट्राचे राज्यपाल यांच्या आदेशानुसार व नावाने' ही ओळ असते आणि खाली मंत्रालयातील अधिकाऱ्याची सही. राज्यघटनेच्या १६६ व्या अनुच्छेदानुसार राज्याची कार्यकारी कृती राज्यपालांच्या नावाने होते आणि रीतसर प्रमाणित केलेला आदेश राज्यपालांनी दिलेला नाही, असा आक्षेप घेता येत नाही. हुकूम एकाने काढायचा आणि नाव अधिकाराच्या मूळ स्थानाचे घालायचे, ही रीत पेशव्यांच्या मुद्रेशी किती जवळची आहे!

डिजिटल सातबाऱ्याच्या तळाशी, तो डिजिटल स्वाक्षरीचा असल्याने त्यावर सही-शिक्क्याची आवश्यकता नाही, असे छापलेले असते आणि पडताळणीचा क्रमांक दिलेला असतो. जमीन घेताना त्या क्रमांकाने उतारा शासनाच्या संकेतस्थळावर ताडून पाहावा. पाचगणी-महाबळेश्वर पट्ट्यात, जिथे जमिनीला मोठी मागणी आहे, तिथे तर उताऱ्याचा तळ न वाचता व्यवहार करूच नये.

आणि आता घरच्या कागदांविषयी. सातारा-सांगली भागातील कित्येक घरांत अजूनही जुन्या कागदांचे रुमाल, म्हणजे कापडात बांधलेले गठ्ठे, आहेत. वाडा पाडताना किंवा घर बदलताना ते बाहेर निघतात. फाटक्या कडा कापून कागद 'नीट' करू नका. मर्यादेची मुद्रा आणि तारीख नेमकी त्या कडेलाच असते. लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. गोंदाने शाई आणि कागद दोन्ही खराब होतात आणि पाठीवरचे शेरे कायमचे झाकले जातात. सांधा सुटला असेल तर तुकडे ज्या क्रमाने मिळाले त्याच क्रमाने स्वच्छ सुती कापडात ठेवा. दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्या. मग ते पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात, पुणे अभिलेखागारात किंवा जवळच्या जाणकार मोडीवाचकाला दाखवा. मोडी शिकण्याचे वर्गही चालतात आणि २०१४ पासून या लिपीला युनिकोडमध्ये स्थान आहे. ती शिकण्याची वाट पूर्वीपेक्षा सोपी झाली आहे. आपल्या घरातला एक कागद आपण स्वतः वाचावा, आणि वाचायला तळापासून सुरुवात करावी.